तुझं कासव, माझी वाघीण

विलासदादा,

आपल्या घरावर निळं प्लास्टिक होतं, त्या दिवसांपासून सुरुवात करते. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, खाऊनपिऊन सुखी घरातली पोरं, म्हणून मोबाईल खेळत बसली. दिवाळी झाली की तुझे आईबाप आणि माझे आईबाप एकाच टेम्पोत बसून वीटभट्टीवर जायचे, ते पाऊस तोंडावर आला की परत. मी आश्रमशाळेत. तू आजीजवळ, कारण भट्टीवर तुझा उपयोग नव्हता. तुझे सांधे धरायचे. थंडीत गुडघे इतके सुजायचे की भिंतीला धरून तू ओट्यापर्यंत यायचास आणि मग दिवसभर तिथेच. सिकलसेल हा शब्द आपल्या घरात फार नंतर आला. आधी सगळे तुला आळशी म्हणायचे. शेत होतं, पण त्यातला भात होळीपर्यंतही पुरत नव्हता. दोन घरांत मिळून एक मोबाईल, तोही बटणांचा, तोही काकांच्या खिशात, भट्टीवर. आजी आजारी पडली तर ते कळवायला तू शेजारच्या पाड्यात कसा गेलास, हे तू मला कधी सांगितलं नाहीस. मला ते आजीने सांगितलं. बसत बसत गेलास म्हणाली.

आता तुझ्या दिवसाला काय झालं ते ऐक. तू नव्हतास म्हणून सांगते, असतास तर मध्येच बोलून सगळं बिघडवलं असतंस.

आपल्यात गेलेल्याची आवडती वस्तू त्याच्या मातीवर ठेवतात, तसं तुझंही ठेवायचं होतं. काकांनी तुझी शाल ठेवली. आईने तांदळाची भाकर ठेवली. मग काका सगळ्यांकडे बघून म्हणाले, "अजून काय आवडायचं रे त्याला?" सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलेना. मग मीच म्हटलं, "मोबाईल."

काकांचं तोंड बदललं. "त्या मोबाईलनंच खाल्ला माझा पोरगा. तो नाही ठेवणार मी त्याच्याजवळ."

माणसं माना हलवायला लागली. कुणीतरी म्हणालं, खरं आहे, दिवसरात्र तेच. दादा, मला तिथे गप्प बसायला हवं होतं, असं आई अजून म्हणते. मी नाही बसले. म्हटलं, "काका, मोबाईलनं नाही खाल्लं. आजारानं खाल्लं. तो जन्माबरोबर आलेला होता, आणि दादा आळशी आहे असं म्हणण्यात आपण सगळ्यांनी वर्षं घालवली. मोबाईल त्याच्यानंतर आला."

"तू कॉलेज केलंस म्हणून बोलतेस."

"हो, कॉलेज केलं म्हणूनच बोलते. नाहीतर मीपण मान हलवली असती. मातीवर ठेवायचा नसेल तर तो मला द्या."

"तुला कशाला पायजे, बाय? तुझा आहे ना?"

"खेळायला."

बापरे! दिवसाच्या जेवणाला बसलेली माणसं, आणि पाड्यातली पहिली ग्रॅज्युएट मुलगी सांगते खेळायला पायजे. काकांनी मोबाईल खिशातून काढला, माझ्या हातात न देता ओट्यावर ठेवला आणि उठून गेले. मी तो उचलला. मला लाज वाटली नाही. आत्ताही वाटत नाही.

तो मोबाईलच का हवा होता, हे तुला सांगायची गरज नाही. पण हे वाचणाऱ्यांना सांगायला लागेल, कारण तुझं कासव त्यात आहे.

तू गुजरातच्या सीमेवर अच्छाडच्या नाक्यावर मोबाईलच्या दुकानात बसायला लागलास, तेव्हा घरात पहिल्यांदा तुला आळशी म्हणायचं बंद झालं. ट्रकवाल्यांना रिचार्ज, कव्हर, चार्जर. बसून करायचं काम. तिथेच तू हा खेळ शिकलास. पाच विरुद्ध पाच, दोन्हीकडे किल्ला, समोरच्याचा पाडायचा. तू तो आपल्या पाड्यात आणलास आणि पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर, जिथे नेटवर्क यायचं, तिथे आपला संघ बसायला लागला. तू, मी, किसन, आणि रेखा वहिनी आणि तिचा नवरा सुनील. खेळात तीस-चाळीस पात्रं, सगळ्यांची नावं परदेशी. किसन ती नावं वाचताना अशी तोंडं करायचा की तू वैतागून सगळ्यांचं बारसं केलंस. औषध देणारी म्हातारी झाली भगत. लपून मारणारा तो कोल्हा. लांब शिंग फुंकून आजूबाजूच्यांना बळ देणारा तो तारपावाला. उड्या मारत जाणारी, पंजे चालवणारी, ती वाघीण, ती माझी. आणि पाठीवर घर घेऊन हळूहळू चालणारं ते कासव, तुझं.

आपल्यात एकाची आवड दुसऱ्याला कधी पटली का रे? किसनला फक्त मारायचं असायचं. किल्ला पडतोय, सगळे ओरडतायत, आणि हा कोपऱ्यात एकाच्या मागे धावतोय. सुनीलला शिंग फुंकायला आवडायचं म्हणून तो तारपावाला. बाकी काय चाललंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आणि रेखा वहिनी! भगत खेळायची, पण औषध फक्त सुनीलला.

"वहिनी, मी मरतोय, औषध दे ना!" किसन ओरडायचा.

"मर. तुझी बायको आली की ती देईल."

"अगं पण हरू आपण!"

"हरलो तर हरलो. माझं माणूस जिवंत आहे."

सुनील लाजून शिंग फुंकायचा, आणि तू हसून हसून कट्ट्यावर आडवा.

मला मात्र जिंकायचं असायचं. मी ते कधी लपवलं नाही. जिंकल्याशिवाय मला कधी काही मिळालंच नव्हतं. आश्रमशाळेत पहिला नंबर आणला तर पुढचं शिक्षण, कॉलेजात टक्के आणले तर स्कॉलरशिप. हरून मजा येते हे मला कुणी शिकवलं नव्हतं. म्हणून आपलं भांडण. किती वेळा झालं ते, दादा. खेळ बनवणारी कंपनी दर थोड्या दिवसांनी पात्रांची ताकद कमीजास्त करायची. जे फार जिंकतं त्याचे दात काढायचे, जे हरतं त्याला थोडं खाऊ घालायचं. ते मी नीट वाचायची, बी.एस्सी.ला स्टॅटिस्टिक्स होतं, मला त्यातलं कळायचं.

"दादा, कासवाचं कवच अजून मऊ केलंय. वाचलंस का?"

"वाचलं."

"मग सोड ना ते."

"उद्या कंपनी म्हणेल भाकर सोड. सोडू?"

"विषय तो नाहीये. हरणाऱ्या पात्राला ते उलट अजून दुबळं करतायत, का माहीत आहे? मोठ्या स्पर्धांत पाचही जण एकमेकांचं ऐकून खेळतात. तिथे कासव भारी पडतं. म्हणून त्यांनी ते कमी केलं. पण आपल्यासारख्यांच्या हातात ते आधीच पडत होतं. तराजू त्यांच्यासाठी लावलाय, आपल्यासाठी नाही."

"म्हणजे पाच जण ऐकत असतील तर कासव भारी?"

"हो, पण आपण तसे पाच नाही."

"मग तसे होऊ. कासव कशाला सोडायचं?"

मी चिडायची. "तुझ्या आवडीचा भुर्दंड आम्ही चौघांनी का सोसायचा?"

या प्रश्नावर तू एकदा मोबाईल मांडीवर ठेवलास. मला वाटलं जिंकले. टाकीच्या नळाकडे बघत तू म्हणालास, "आणि मॅडम, तुझ्या जिंकण्याचा भुर्दंड मी का सोसायचा?"

याचं उत्तर मी अजून शोधतेय. सापडलं की सांगणार होते.

कॉलेजातल्या माझ्या एका मैत्रिणीला मी परवा तुझ्याबद्दल सांगितलं. ती म्हणाली, "किती खोल आहे गं, आजारी माणूस, चालता येत नाही, आणि तो कासव निवडतो." मी तिला तिथेच थांबवलं. तू असतास तर तुझ्या पद्धतीने थांबवलं असतंस. आम्ही तुला कधीतरी विचारलं होतं, कासवच का? तू म्हणालास, "थांबलं की शिंकतं ना ते." खरंच शिंकायचं. चालता चालता थांबलं की मान बाहेर काढून एक बारीक शिंक. बस, एवढंच. आजारी माणसाला काही आवडलं की त्यात आजारच शोधायचा, हा कुठला न्याय? धडधाकट किसनला कोल्हा का आवडतो, हे कुणी विचारत नाही.

आणि आता ती डहाणूची गोष्ट. पहिल्यांदा आपण डहाणू रोडला स्टेशनजवळच्या हॉलमध्ये स्पर्धेला गेलो. मोठा पडदा, माईकवर बोलणारा माणूस, खुर्च्या भरलेल्या. आपल्यासमोर तिथल्याच पोरांचा संघ, सगळ्यांच्या कानावर मोठे हेडफोन. खेळ सुरू झाला. सुनीलने शिंग फुंकलं. शिंग वाजलं की त्याच्या बळावर पुढे धावायचं, समोरच्या किल्ल्यावर तुटून पडायचं. साधी गोष्ट. आणि आपण काय केलं? सगळ्यांनी सुनीलकडे तोंड केलं आणि त्याच्याभोवती फिरायला लागलो. किसन फिरतोय, वहिनी फिरतेय, तू फिरतोयस. मी, ग्रॅज्युएट, मीपण फिरतेय. टाकीवर आपण आवाज बंद ठेवून खेळायचो, मोबाईलची बॅटरी टिकावी म्हणून. हॉलमध्ये शिंग स्पीकरवर घुमलं. तारपा वाजला की त्याच्याभोवती फेर धरून नाचायचं, त्याच्याकडे पाठ करायची नाही, हे लहानपणापासून आपल्या अंगात. आपलं लक्ष बोटांवर नव्हतंच, बोटं आपोआप वळली. तोवर त्या पोरांनी आपला किल्ला पाडला.

हॉल हसला. माईकवाला म्हणाला, "काय, आदिवासी डान्स चाललाय काय?"

मला जमीन फाटेल तर बरं असं झालं. तू उभा राहिलास. उठायला तुला वेळ लागला, खुर्चीच्या पाठीला धरून उठलास, त्यामुळे सगळ्यांचं तुझ्याकडे लक्ष गेलं. "हो," म्हणालास. "येतोस का नाचायला? नवशिक्याला मध्ये घेतो आम्ही."

हॉल परत हसला, पण या वेळी माईकवाल्याला.

परतताना रिक्षात मी रडत होते आणि तुझं डोकं चालू होतं. आपल्या इकडच्या अंबोलीच्या पुढे आलो असू, तू एकदम म्हणालास, "मनी, आपण चुकलो नाही. कासव आजवर चुकीच्या बाजूनं चालवलं."

"गप रे."

"ऐक तर. कासवाचं कवच कुठे आहे? पाठीवर. सगळी माणसं त्याला तोंडाने दुश्मनावर नेतात, म्हणून ते मरतं. आपण फिरताना त्याचं तोंड कुठे होतं? सुनीलकडे. पाठ कुठे? दुश्मनाकडे! आता आपण असंच फिरत फिरत पुढे जायचं. तारपा मध्ये, कासव बाहेरच्या अंगाला, उलटं चालत. तोंड तारप्याकडे, पाठ दुश्मनाकडे. वहिनीचं औषध आत सगळ्यांना लागेल. नाचाचीच चाल."

"आणि वाघीण?"

"वाघीण कासवाच्या चालीनं चालेल."

"नाही चालणार," मी म्हटलं. "ती धावायला केलीये. मी कासवाच्या मागे रांगणार नाही."

"तुला जिंकायचंय ना?"

"वाघीण जिंकतेच."

मग पुढच्याच बदलात कंपनीने वाघिणीची उडी निम्मी केली. तुला केवढा आनंद झाला! टाकीवर येताना लांबूनच ओरडलास, "काय मॅडम, पडली ना? सोडा आता! आकडे काय सांगतात?" मी नाही सोडली. अर्ध्या उडीची वाघीण घेऊन मी हरत राहिले आणि त्या चिडवण्यानंतर तू एका शब्दानेही मला सोड म्हणाला नाहीस. नुसता हसायचास. तुला कळलं होतं की मलापण ती आवडते. मला ते कबूल करायचं नव्हतं, आणि तुला ते वदवून घ्यायचं नव्हतं. ही तुझी मोठी माणुसकी होती, दादा, तिचे आभार मी मानले नाहीत. आता मानते.

तुझी चाल आपण पाच जणांनी कधी खेळलीच नाही. मी पुढे धावायची, आणि रिंगण मोडायचं. तू पुढच्या स्पर्धेला संघाचं नाव दिलंस, आणि नंतर छातीत दुखायला लागलं, आणि वॉर्डमध्ये नाकात ऑक्सिजनची नळी असताना तू मला जे शेवटचं नीट बोललास ते असं, "उलटं चालवायचं, लक्षात आहे ना?" मी म्हटलं, "आधी बरा हो, मग भांडू." भांडण तिथेच राहिलं.

तू गेल्यावर किसन म्हणाला, "डहाणूला माझा एक ओळखीचा आहे, पट्टीचा खेळतो. त्याला घेऊ. पण तो म्हणतो कासवबिसव नको संघात." सुनील माझ्याकडे बघत होता. बघण्यासारखंच होतं, इतकी वर्षं तेच तर मी म्हणत होते. मी म्हटलं, "कासव राहील. मी खेळेन."

"आणि वाघीण?"

"जिग्नेशला विचारू."

जिग्नेश तुझा नाक्यावरचा दोस्त, टायरच्या दुकानातला, उंबरगावहून येणारा. तुझ्या मातीला तो ग्रीसचेच हात घेऊन आला होता. त्याला विचारलं, वाघीण खेळशील? कासवाच्या चालीनं? तो टायर फिरवत म्हणाला, "मने तो कंई पण चाले. विलासभाईसाठी तर काहीपण." मला वाटतं, आपल्या संघात आवडनिवड नसलेला तो पहिला माणूस.

टाकीवर सराव केला. या वेळी आवाज चालू ठेवून. उलटं चालणारं कासव खेळणं म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं. समोरचं काही दिसत नाही. दिसतात फक्त आपली माणसं. मार पाठीवर पडतोय एवढं कळतं, कोण मारतंय ते नाही. बाकीचे सांगतील तेवढंच खरं. किसन पहिल्या दिवशी दोनदा रिंगण सोडून पळाला, आणि दोन्ही वेळा मी मेले. तिसऱ्यांदा निघाला तेव्हा वहिनी म्हणाली, "किसन, आत ये. औषध देते." तो थांबला. "खरंच?" "ये म्हणते ना." त्यानंतर तो कुठे गेला नाही. एवढ्याचसाठी पळत होता का रे तो, इतकी वर्षं?

स्पर्धेत पहिल्याच फेरीत तोच संघ, तेच हेडफोन, तोच हॉल. माईकवाला वेगळा होता. सुनीलने शिंग फुंकलं, आपण सुनीलकडे तोंड केलं आणि फिरायला लागलो. मागून कुणीतरी हसलं. मी तुझा मोबाईल घट्ट धरला होता, पडद्यावर तुझं नाव, आणि कासव एकेक पाऊल मागे टाकत होतं, म्हणजे पुढे. ती पोरं मारत होती, कवच वाजत होतं, वहिनी औषध टाकत होती, एकालाच नाही, सगळ्यांना. आत शिरायला त्यांना वाट सापडेना. हसणं कधी थांबलं मला माहीत नाही. जिग्नेश ओरडला, "बेन, किल्लो आवी गयो! थांब!" मी थांबले. आणि किल्ल्याच्या दारात, दादा, सगळ्या हॉलसमोर, मोठ्या स्पीकरवर, कासव शिंकलं.

मग वाघीण आणि कोल्हा माझ्या दोन्ही बाजूंनी बाहेर पडले आणि त्यांनी किल्ला पाडला.

शेवटच्या मॅचला वापीकडच्या संघाने आपली चाल ओळखली आणि वरून मारा केला. हरलो. किसन रडला, मी नाही. हरूनही बसून राहावंसं वाटण्याची माझी पहिलीच वेळ.

जे विचारतात ना, ग्रॅज्युएट होऊन, कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरीला असून मोबाईलवर खेळतेस, काय मिळालं त्यातून, त्यांना मी आता उलट विचारते, तुम्ही क्रिकेट बघता त्यातून काय मिळतं? आवडतं म्हणून बघता ना? मग झालं.

घरी आले तर काका ओट्यावर बसलेले. मी खेळ उघडून मोबाईल त्यांच्यापुढे धरला. ते वाकून बघायला लागले.

"यातला विलास कुठचा?"

"हे कासव."

"हे? हे तर किती सावकाश चालतंय."

"हो."

"आणि बाकीची थांबतात त्याच्यासाठी?"

"आता थांबतात."

काकांनी मोबाईल हातात घेतला, पदराने पुसावा तसा गमछ्याने पुसला आणि परत माझ्याकडे दिला. म्हणाले, "चार्जिंग करून ठेव."

मी परत वाघीणच खेळते आहे. उडी अजून निम्मीच आहे. तुझं सगळं खरं होतं असं मी म्हणणार नाही, चौघांनी एकासाठी किती थांबायचं हा माझा प्रश्न अजून उभा आहे, आणि तू नसलास तरी मी तो मागे घेत नाही. पण मला वाघीण आवडते, दादा. ती जिंकते म्हणून नाही, नुसती आवडते. एवढं तुला तोंडावर सांगायचं राहिलं होतं.

डहाणू रोडच्या स्पर्धेत आपला पाडा दुसरा आला. कासव पहिल्या मॅचपासून शेवटच्या मॅचपर्यंत संघात होतं.